चाळीस टक्के प्रथिनं आणि पातळ वरण

ऑस्ट्रेलियात मुलगा किंवा मुलगी असलेली घरं अमरावतीत आता थोडीथोडकी नाहीत. सुट्टीला आलेल्या लेकी-सुनांच्या बॅगांतून लुपिनच्या पिठाची पाकिटं येतात आणि माझ्यासारख्या आहारतज्ज्ञाला विचारणा होते, ‘ताई, हे शुगरला चांगलं असते का?’ उत्तर नीट देता यावं म्हणून मी या दाण्याची माहिती काढत गेले. वऱ्हाडाने त्याच्याकडून काही घ्यावं, असं माझं मत त्यातूनच झालं. माझ्या मामांना ते पटत नाही. त्यांची शेती दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात, आणि उमेदीची वर्षं त्यांनी अकोल्याच्या एका दालमिलमध्ये काढली. मूठभर तूर हातात घेऊन ओल किती हे सांगणारा माणूस. आमचं हे बोलणं एका बैठकीतलं नाही. तुकड्यातुकड्यांनी झालेलं इथे सलग लावलं आहे. मामांची वऱ्हाडी आहे तशी ठेवली आहे.

मामा — पह्यले हे सांग बाई, हा दाना हाय तरी काय? पीठ त आपल्या बेसनावानी दिसते.

मी — कडधान्यच आहे, मामा. तूर, हरभरा, सोयाबीन ज्या कुळातले, त्याच कुळातलं. पांढरा लुपिन इजिप्त, इटली, पोर्तुगालकडे फार जुन्या काळापासून खातात. अँडीज पर्वतात, पेरू-बोलिव्हियाकडे वेगळी जात आहे, तिला तार्वी म्हणतात. ऑस्ट्रेलियात पिकतो तो अरुंद पानाचा. युनानी औषधांत ‘तुर्मुस’ नावाने येतो तो पांढरा लुपिनच. शंभर ग्रॅम कोरड्या पांढऱ्या लुपिनमध्ये ३६ ग्रॅम प्रथिनं असतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा २०१७ चा तक्ता पाहिला तर अख्ख्या हरभऱ्यात १९ च्या आसपास आणि तूरडाळीत २२ च्या आसपास आहेत.

मामा — आकडा मोठा हाय, मान्य. पन् साखरीच्या पेशंटले फायदा होते हे खरं हाय का? का नुसतं पाकिटावरचं?

मी — खरं आहे, पण मर्यादेत. या दाण्यात पिष्ट नावालाच असतं. साल काढून दळलेल्या पिठात साधारण ४० टक्के प्रथिनं आणि जवळजवळ तितकेच तंतू. कणकेचा काही भाग काढून त्या जागी हे पीठ घातलं की त्या पोळीने साखर कमी चढणार, हे उघड आहे. पर्थमध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत लुपिनचं पीठ घातलेला पाव न्याहारीला दिला. खाणाऱ्यांचं पोट जास्त वेळ भरलेलं राहिलं आणि पुढच्या जेवणात ते कमी जेवले. कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब थोडा खाली आल्याचं काही चाचण्यांत दिसलं, सगळ्यांत नाही. त्यामुळे हे पीठ खा आणि गोळी बंद करा, असं मी कुणालाही सांगणार नाही.

मामा — पोट भरलेलं राह्यते म्हनते. त सकाळी मूठभर फुटाने खाऊन वावरात गेलेल्या मानसाले इचार, दुपारपर्यंत भूक लागते का त्याले. हरबऱ्यानं साखर कुठं झटकन वाढते?

मी — नाही वाढत. हरभराही साखर हळूच चढवतो, आणि अख्ख्या हरभऱ्यात तंतू शंभरात २५ ग्रॅम असतात. माझ्या पेशंटना मी तेच आधी सांगते.

मामा — मंग कायले पायजे तो परदेशी दाना? आन् एवढा गुनाचा हाय त दुनियेनं सारा काऊन नाई पेरला?

मी — कारण तो कडू आहे. नुसता चवीला कडू नाही, त्यात ल्युपानिन, स्पार्टेइन अशी द्रव्यं असतात. ती पोटात गेली की तोंड कोरडं पडतं, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, नजर धूसर होते, माणूस बरळायला लागतो. म्हणून दाणा रात्रभर भिजवायचा, उकळायचा आणि मग कित्येक दिवस पाणी बदलत ठेवायचा. अँडीजमध्ये तर पोत्यात भरून ओढ्याच्या वाहत्या पाण्यात बुडवून ठेवतात. कडूपणा गेल्याशिवाय तो खाताच येत नाही. १९२० च्या दशकाच्या शेवटी जर्मनीत राइनहोल्ड फॉन झेंगबुश यांनी असंख्य झाडांचे दाणे तपासून कमी कडू झाडं निवडली. पुढे १९६० च्या दशकात ऑस्ट्रेलियात जॉन ग्लॅडस्टोन्स यांनी शेतात नीट पिकेल असा गोड लुपिन तयार केला. आज तिथे खाण्याच्या लुपिनमध्ये किलोमागे २०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कडू द्रव्य चालत नाही.

इथे माझ्याकडे येणाऱ्यांसाठी थोडं थांबून सांगायला हवं. पाकिटातलं पीठ गोड वाणाचं असेल तर भीती नाही. पण अत्तर-औषधांच्या दुकानातून आणलेला तुर्मुसचा दाणा कडू असतो. आपल्याकडे मेथीचं पाणी, कारल्याचा रस पिणारे मधुमेही घरोघर आहेत. कडू म्हणजे साखरेला चांगलं, हा समज खोल रुजलेला आहे. त्या समजापायी कुणी या दाण्याचं भिजवलेलं पाणी पिऊ नये. परदेशात असं पाणी पिऊन विषबाधा झालेली आहे. दुसरी गोष्ट शेंगदाण्याची. ज्यांना शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, त्यांच्यातल्या काहींना लुपिनचीही होते, आणि ती सौम्य असेलच असं नाही. युरोपने २००६ मध्ये लुपिनचं नाव पाकिटावर लिहिणं बंधनकारक केलं ते यासाठीच. मूत्रपिंडाच्या आजारात डॉक्टरांनी प्रथिनं मोजून दिली असतील तर हे पीठ त्यांना विचारल्याशिवाय सुरू करू नये.

मामा — आपल्या वावरात येईन का तो?

मी — येणार नाही. ऑस्ट्रेलियातल्या लुपिनला रेताड, थोडी आंबट जमीन लागते. चुनखडीच्या जमिनीत तो पिवळा पडतो. आपली काळी जमीन अगदी उलट.

मामा — आन् आमच्या खारपानपट्ट्यात त इचारूच नोको. इहिरीचं पानी तोंडात घेववत नाई. पूर्नेच्या काठानं अकोला, अमरावती, बुलढाना मिळून पावनेपाच लाख हेक्टर असं हाय. तिथं ओलीत नाई. पावसाळ्यात मूग घेतला, नाईतर वावर तसंच ठेवलं, आन् मंग जमिनीतल्या ओलीवर हरबरा. पेरल्यावर आभाळाकडे पाहाचं. थंडी पडली त हरबरा झाला. आमच्या पट्ट्यात मानूस त्याच हरबऱ्यावर जगला. तूच सांग, जो दाना इथं येत नाई, तो पैसे देऊन दुरून आनाचा, आन् जो येते तो बाजारात नेऊन इकाचा?

मी — दाणा आणू नका, मामा. मला लुपिन वऱ्हाडात नकोच आहे. मला अँडीजमधल्या लोकांची रीत हवी आहे. विषारी, कडू दाणा. त्याला पाण्यात किती दिवस ठेवायचं, पाणी कितीदा फेकायचं, हे तिथल्या लोकांनी शोधून काढलं आणि पुढच्या पिढ्यांना शिकवलं. म्हणून तो दाणा त्यांचं अन्न झाला. आपल्याकडे लुपिनइतकीच, किंबहुना त्याहून जास्त प्रथिनं असलेला दाणा वावरावावरात उभा आहे आणि आपण तो खात नाही.

मामा — सोयाबीन म्हनते तू.

मी — हो. तक्त्यात त्याची प्रथिनं ३६ ते ३८ ग्रॅम आहेत आणि वर २० टक्क्यांच्या जवळ तेल. पीक निघालं की पोतं बाजार समितीत, तिथून कारखान्यात. तेल बाजूला, ढेप कोंबड्यांच्या खाद्यात किंवा परदेशात. जिच्या हाताने सोयाबीन सोंगलं, तिच्या ताटात त्यातला दाणाही नाही. तिचं रक्त तपासलं की हिमोग्लोबिन कमी, हातापायांना बळ नाही. हे मला बघवत नाही.

मामा — तुले बघवत नाई, मलेई बघवत नाई. पन् तू उलटीकडून पाहून राह्यली. सोयाबीन आलं तवा काय काय गेलं हे सांगू का? ज्वारी गेली. मूग, उडीद गेले, राह्यले ते कुठंकुठं. पह्यले एका वावरात पऱ्हाटी, मंधी तुरीची ओळ, धुऱ्यावर अंबाडी, बरबटी. घरी खायाले सारं निघे. पोळ्याले बरबटीचे वडे व्हायचे त्या बरबटीसाठी दुकानात जा नाई लागे. आता एकच पीक, तेई इकाचं. मंग डाळ इकत आनाची. कास्तकार अकोल्याच्या दालमिलले तूर देते आन् तिथलीच डाळ दुकानातून किलोनं घेते. भाव चढला का घरची बाई काय करते? वरन पातळ करते. पह्यले भाजी बंद नाई होत, तेल बंद नाई होत. पह्यले वरनात पानी वाढते.

हे मामांचं बोलणं मी टिपून ठेवलं, कारण आहाराची नोंद घेताना आम्ही ‘वरण एक वाटी’ असं लिहितो आणि वाटीत डाळ किती हे विचारत नाही. घट्ट वाटीला ३० ग्रॅम डाळ लागते, म्हणजे साडेसहा ग्रॅम प्रथिनं. पातळ वाटीत त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकीही डाळ नसते. कागदावर मात्र दोन्ही सारख्याच.

मी — तुमचं म्हणणं खरं आहे आणि त्यातूनच माझं म्हणणं निघतं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या सल्ल्यात दिवसाला ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं धरली आहेत. इतकी तूरडाळ मजुरी करणाऱ्या घराला विकत परवडत नाही. सोयाबीन घरात आहे. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता, आणि तेवढाही हातात पडेल याची खात्री नसते. म्हणजे प्रथिनांच्या हिशेबाने याहून स्वस्त दाणा कास्तकाराकडे दुसरा नाही. तीनशे ग्रॅम कणकेत तीस ग्रॅमच्या जागी सोयाबीनचं पीठ गेलं तर दिवसाला आठ ग्रॅम प्रथिनं वाढतात. तुमच्या घट्ट वरणाच्या एका वाटीहून जास्त.

मामा — लोकायनं करून नाई पाह्यलं का? नव्वदच्या पुढं सोयाबीन आमच्याकडे पसरलं, तवा कोनी कोनी कच्चंच दळून आनलं. पोळी कडवट, घरात वास, आन् पोरायचं पोट फुगलं. मंग झाकून ठेवलं ते ठेवलंच. आता खातेत त्या दुकानातल्या सोयाबीन वड्या, भाजीत टाकून. त्या खातेत लोक, आवडीनं खातेत. पन् दाना नाई.

मी — कारण कच्चं दळलं! कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारं द्रव्य असतं, ट्रिप्सिन रोधक म्हणतात त्याला. १९१७ मध्ये ऑस्बॉर्न आणि मेंडेल या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी उंदरांना कच्चं सोयाबीन दिलं, ते वाढले नाहीत. शिजवून दिलं, ते वाढले. शंभर वर्षं झाली याला. कोंबड्यांच्या खाद्याच्या कारखान्यात ढेप तापवूनच देतात. कोंबडीसाठी जी काळजी घेतली जाते ती माणसासाठी कुणी सांगितली नाही. आणि तो हिरवट वास दाणा थंड पाण्याबरोबर भरडला की येतो. आधी उकळत्या पाण्यात टाकला तर तो वास तयार करणारं द्रव्यच मरतं.

मामा — सांग मंग, कसं कराचं ते.

मी — रात्री भिजवायचं. सकाळी ते पाणी फेकायचं, दोनदा धुवायचं. चोळून सालं काढायची, पोट फुगवणारा काही भाग पाण्याबरोबर जातो. मग उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं. निथळून कडक उन्हात खडखडीत वाळवायचं. मग दळायचं. लुपिनसारखं पाच दिवस नाही लागत, एक रात्र आणि एक ऊन पुरतं. थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांनी सोयाबीनचं काहीही गोळीनंतर काही तासांनीच खावं, एवढी एक अट.

मामा — आपल्या अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं सोयाबीनचे वान काढले. अमरावतीच्या केंद्रातून सुवर्ण सोया आलं, यलो गोल्ड आलं, अंबा आलं. कास्तकारानं पेरले. पन् इचारतेत काय? एकरी किती होते, शेंगा फुटतेत का, पिवळा मोझॅक येते का, किती दिवसात निंगते. खायाले कसं लागते हे कोनी इचारलं नाई.

मी — इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेने ते विचारलं. त्यांच्या एनआरसी १२७ या वाणात त्या ट्रिप्सिन रोधकाचा मुख्य प्रकार नाही. एनआरसी १४२ मध्येही तो नाही आणि वासाला कारणीभूत असलेला एक घटकही काढलेला आहे. कडू लुपिनमधून गोड लुपिन निवडला, तसंच काम. आपल्याकडे प्रत्येक घराने अर्धा एकर जरी असं खाण्याचं सोयाबीन लावलं तरी पुरे.

मामा — अर्ध्या एकराचं पोतं येगळं कोन घेईन? कोन येगळं ठेवीन? मळनी यंत्रात साऱ्याचं एकच होते. तू म्हनते ते कागदावर सोपं हाय. आन् मले आनखी एक भेव वाटते. दान्याचं नाव झालं का सरकार, संस्था, सारे तेच एक धरून बसतेत. लाखोळीच्या डाळीचं काय झालं? भंडारा-गोंद्याकडे धानाच्या बांधीत पेरतेत. काई न करता येते, दुष्काळातई येते. गरिबानं तेवढीच खाल्ली, महिनोन्महिने, आन् पाय लुळे पडले मानसायचे.

मी — लाखोळीतलं ते द्रव्य, ओडॅप, १९६४ मध्ये शास्त्रज्ञांनी ओळखलं. त्याआधी १९६१ पासूनच विक्रीवर बंदीचा नियम आला होता.

मामा — बंदी आली म्हनून का बंद झाली? दालमिलच्या धंद्यात सारे जानत होते, तुरीच्या डाळीत कोन मिसळते, बेसनात कोन मिसळते. ज्यानं पेरली त्याले ठाऊक होतं तो काय खाऊन राह्यला. ज्यानं अकोल्याच्या हॉटेलात भजे खाल्ले त्याले कुठं ठाऊक?

मी — लाखोळीवरून मी वेगळा निष्कर्ष काढते. तीही भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकलं की विष बरंच कमी होतं. थोडी खाल्ली, बरोबर ज्वारी, भाजी, दुसरी डाळ असली, तर पाय जात नाहीत. माणसं लुळी पडली ती दुसरं काहीच खायला नव्हतं तेव्हा. मजुरीही त्याच दाण्यात मिळायची अशी मध्य भारतात गावं होती. एकच दाणा ताटात उरला की तो कोणताही असो, माणसाला पुरत नाही. लुपिनमध्येसुद्धा मेथिओनिन हे अमिनो आम्ल कमी, ते धान्यातून यावं लागतं.

मामा — मंग तू माहीच गोठ सांगून राह्यली! ज्वारीची भाकर आन् डाळ. भाकरीत जे नाई ते डाळीत, डाळीत जे नाई ते भाकरीत. आमच्या आईले ते अमिनो काय म्हनते ते ठाऊक नोतं, पन् रोडग्यासंगं वरन लागतेच, पातोडीसंगं भाकर लागतेच, हे ठाऊक होतं. गोळाभात काय हाय? भातात बेसनाचे गोळे. तुह्या पुस्तकात जे आज आलं ते आमच्या चुलीवर होतं.

मी — होतं. चुलीवर होतं ते ताटात उरलं नाही, एवढंच माझं दुःख आहे. धारणी-चिखलदऱ्याची, मेळघाटातली मुलं कुपोषणाने जातात हे तीस वर्षांहून जास्त काळ आपण वाचतो आहोत. तिथे पूर्वी कुटकी, सावा, ज्वारी, तूर होती. आता तिथल्याही डोंगरउतारावर सोयाबीन दिसतं. खाली बाजारात येतं आणि त्या पैशातून घरी जे जातं त्यात बिस्किटाचे पुडे असतात. त्या आईला मी सांगू का, सोयाबीन काढून टाक आणि पुन्हा कुटकी पेर? तिचं कर्ज कोण फेडेल? मी तिला एवढंच सांगू शकते, विकण्याआधी दोन पायल्या बाजूला ठेव, भिजव, उकळ, पोराच्या पेजेत घाल.

मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी जे विचारलं ते मला कुठल्याही परिसंवादात कुणी विचारलेलं नाही.

मामा — उकळाले इंधन किती लागते? वीस मिन्टं म्हनते, पन् ते कुकरात का उघड्या गंजात? तिच्याजवळ कुकर हाय का? आन् पानी फेक म्हनते. मेळघाटात उन्हाळ्यात दोन कोसावरून हंडा आनते ती. दोनदा धुवाचं पानी तिनं कुठून आनाचं?

मी — म्हणूनच हिवाळ्यात करायचं, पीक निघाल्याबरोबर, ओढ्याला पाणी असतं तेव्हा. गावाने मिळून एकदाच, मोठ्या गंजात. वाळवून दाणे ठेवले तर पुढे लागतील तसे दळता येतात. लुपिनवाल्यांनीही ओढाच वापरला.

मामा — हे बरोबर बोलली. गावानं मिळून होईन. बचतगटाच्या बाया करतीन. पन् दोन गोठी पक्क्या ध्यानात ठेव. तूर-हरबऱ्याच्या जागी सोयाबीन नोको सांगू, त्याच्यावर सांग. नाईतर लोक म्हनतीन, पिठात पडलं ना, मंग वरनात आनखी पानी टाका.

मी — मान्य. वरण घट्ट, आणि पीठ त्याच्या जोडीला.

मामा — दुसरी गोठ. ज्वारीत नोको टाकू. भाकर फाटते, थापल्या जात नाई. गव्हात टाक.

मी — गव्हातच. दहात एक. आणि नुसतं सोयाबीन गिरणीवर नेऊ नका, तेलामुळे जात्याला चिकटतं आणि गिरणीवाला पुन्हा घेत नाही. गव्हात मिसळूनच न्यायचं.

मामा — दहात एक नोको. दहात अर्धं सोयाबीन, अर्धा हरबरा.

मी — मग प्रथिनं कमी भरतील, मामा. आठ ग्रॅमचे सहाही राहणार नाहीत.

मामा — कमी भरतीन. पन् पोरं पोळी टाकनार नाईत. तू एक दळन तुह्या हिशेबानं करजो, मी एक माह्या हिशेबानं करतो. दर्यापूरले दोनई दे, कोनालेच सांगू नोको कोनतं कोनतं हाय, आन् पाह्य कोनतं संपते.